वर्गातले गुरुजी कोणाचे? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील शाळा आणि आदिवासी शिक्षकांचा प्रश्न

५ सप्टेंबर हा दिवस आपल्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचा आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जयंतीनिमित्त सारा देश त्या दिवशी शिक्षक दिन साजरा करतो. आणि १९९७ साली याच तारखेला मदर तेरेसा प्रभूच्या घरी गेल्या, म्हणून ख्रिस्तसभा त्यांचा सण त्याच दिवशी पाळते. मदर या प्रथम शिक्षिका होत्या, ही गोष्ट त्यांच्या सेवाकार्याच्या तेजात झाकली गेली आहे. कोलकात्यातील एंटाली येथील सेंट मेरीज शाळेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले व पुढे तेथेच त्या मुख्याध्यापिकाही झाल्या. स्कोप्ये येथे अल्बेनियन कुटुंबात जन्मलेली ही तरुणी बंगाली शिकली आणि मगच बंगाली मुलींपुढे उभी राहिली.

ही आठवण काढण्याचे कारण एवढेच की, शिक्षक कोणत्या समाजातून यावा आणि त्याला मुलांची भाषा यावी की नाही, हा प्रश्न आज आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत, न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचला आहे. वृत्तपत्रांतून तो 'पेसा भरती' या नावाने येतो. बहुतेक वाचक ते शीर्षक पाहून पुढे जातात, कारण त्यामागे काय आहे हे कोणी नीट उलगडून सांगत नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

प्रथम भूभाग समजून घेऊ. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे. चंद्रपुरात ते सुमारे १८ टक्के आहे. पण सरासरीचे आकडे येथे फसवे ठरतात. वडसा-आरमोरीच्या भातशेतीच्या पट्ट्यात मराठी बोलणारी मिश्र वस्ती आहे, तर भामरागड-एटापल्लीच्या डोंगरांत गावेच्या गावे माडिया गोंडांची आहेत. दक्षिणेस सिरोंचात तेलुगू कानावर पडते, पूर्वेस कोरचीकडे छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शी भागांत पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला जिवती-कोरपना-राजुरा या माणिकगडाच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडांबरोबर कोलाम राहतात. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी दोन, म्हणजे माडिया गोंड आणि कोलाम, या दोन जिल्ह्यांत आहेत. तिसरी जमात कातकऱ्यांची, ती कोकणात व सह्याद्रीच्या कुशीत.

गोंडी, माडिया आणि कोलामी या द्रविड कुळातील भाषा. त्यांचे नाते तेलुगूशी जवळचे, मराठीशी केवळ शेजाराचे. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. जुन्या मराठीत 'येर' म्हणजे इतर, दुसरा. हा निव्वळ ध्वनीचा योगायोग, पण वर्गात नेमके तेच घडते: मूल एक बोलते, गुरुजी दुसरेच समजतात, आणि त्या दोघांत मूल 'येर' ठरते. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ३० लाख लोक होते. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. ती अनेक राज्यांत विखुरलेली असल्यामुळे कोणत्याही एका राज्याला ती आपली वाटत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या राज्यात भाषेवरून मोठे वादळ उठले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचे ठरले, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि जनमताच्या रेट्यापुढे २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. सहा वर्षांच्या कोवळ्या जिवावर परक्या भाषेचे ओझे लादू नये, मूल आधी मायबोलीत रुजावे, असे तेव्हा साहित्यिक, शिक्षणतज्ज्ञ आणि राजकीय नेते एकमुखाने सांगत होते. ते बरोबरच होते. परंतु भामरागडच्या मुलासाठी ती परकी भाषा मराठीच आहे, हे त्या गदारोळात फारच थोड्यांच्या लक्षात आले. आम्हीही त्या दिवसांत या विषयावर लिहिले नाही, हे येथे मान्य केले पाहिजे.

याबाबतीत कायदा मात्र मुका नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण देण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे सांगते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. त्याही आधी, १९८६ च्या धोरणात, शिकलेल्या होतकरू आदिवासी तरुणांना प्रशिक्षण देऊन आदिवासी भागांत शिक्षक म्हणून काम करण्यास प्रोत्साहन द्यावे, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे हेतू चाळीस वर्षे कागदावर आहे. तो वर्गात उतरवायचा तर ती भाषा बोलणारा शिक्षक हवा, आणि गाडी अडते ती तेथे.

जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक कसा येतो? पूर्वी शिक्षकभरती जिल्ह्याच्या पातळीवर होत असे. आता प्रथम शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि त्या गुणांच्या आधारे 'पवित्र' पोर्टलवरून राज्यव्यापी निवड, अशी पद्धत आहे. तीत वशिलेबाजीला आळा बसला, हा तिचा गुण निःसंशय मोठा आहे. परंतु यंत्राला गुण दिसतात, गाव दिसत नाही. मराठवाड्यातला किंवा पश्चिम महाराष्ट्रातला एखादा हुशार तरुण एटापल्लीच्या आतल्या गावी नेमला जातो. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की त्याचा जगाशी संबंध तुटतो. मुलांची भाषा त्याला येत नाही, आणि ती शिकवण्याची व्यवस्था कोणी केलेली नसते. आदिवासी व नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. ते योग्यच आहे. पण भाषा शिकणाऱ्याला मात्र वेगळे काही मिळत नाही. मग तो आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करतो आणि यादीत आपले नाव कधी येते याची वाट पाहू लागतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. घरी म्हातारे आईवडील असतात, बायकोची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात असते. अशा शिक्षकांपैकी काहींनी जिद्दीने माडिया शिकून घेतली, मुलांसाठी शब्दकोश केले, तेथेच आयुष्य काढले. पण व्यवस्था अशा अपवादांच्या भरवशावर उभी करता येत नाही.

या संदर्भात स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही काही काळ याच भागातील एका वसतिगृहात मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घेत होतो. नऊ-दहा वर्षांचा एक माडिया मुलगा महिनोन्महिने एक अक्षर बोलत नसे. गणित विचारले की खाली मान. आम्ही त्याच्या नोंदवहीत 'मंद' असा शेरा लिहिला. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा एके सकाळी संकलन केंद्रावर तो दिसला. सत्तर पानांचे एक पुडके, अशी कितीतरी पुडकी आईने बांधलेली. आणि हा मुलगा सत्तरच्या पटीत भराभर हिशेब करून, खरेदीदाराच्या माणसाने कोठे कमी धरले ते आईला माडियात समजावून सांगत होता. त्याच्याभोवती दोन लहान मुले बसली होती, त्यांनाही तो तेच शिकवत होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून आलेल्या आमच्या डोक्यात जो प्रकाश पडायला हवा होता तो त्या दिवशी पडला. शेरा खोडला, पण तोवर वर्ष वाया गेले होते, आणि त्यात त्या मुलाचा काहीही दोष नव्हता.

आता कायद्याच्या मुख्य गाठीकडे वळू. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासीबहुल प्रदेशांना अनुसूचित क्षेत्र म्हणून वेगळा दर्जा आहे. महाराष्ट्रातील अशी क्षेत्रे २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. भामरागड, एटापल्ली, धानोरा हे तालुके त्यात येतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जुन्या राजुरा तालुक्याची अनेक गावेही. या अनुसूचीच्या परिच्छेद ५(१) अन्वये राज्यपालांना एक विलक्षण अधिकार आहे: संसदेचा वा विधिमंडळाचा एखादा कायदा त्या क्षेत्रात लागू नाही, किंवा अमुक बदलांसह लागू आहे, असे ते अधिसूचनेने जाहीर करू शकतात. हा अधिकार वापरून महाराष्ट्राच्या राज्यपालांनी ९ जून २०१४ रोजी अधिसूचना काढली. तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक आणि शिक्षक अशी गावाशी रोजचा संबंध येणारी पदे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतूनच भरावीत, असा तिचा आशय होता. पुढे ही पदे वाढून १७ संवर्ग झाले. आदिवासी वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत ही सर्व पदे त्यांचीच, आणि त्याखालच्या गावांत प्रमाण कमी, अशी विभागणीही नंतर झाली. ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचे नाव या भरतीला चिकटले. पण तिचा खरा आधार राज्यपालांचा हा अधिकार आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील घडामोड समजते.

शेजारच्या अविभाजित आंध्र प्रदेशाने हेच पाऊल फार आधी उचलले होते. तेथील अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत बाहेरचे शिक्षक हजर राहत नाहीत, हे कारण देऊन १० जानेवारी २००० रोजी शासनाने शिक्षकांची शंभर टक्के पदे स्थानिक अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवली. उच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. परंतु २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, चेब्रोलु लीला प्रसाद राव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, तो आदेश घटनाबाह्य ठरवला. राज्यपालांचा अधिकार मोठा असला तरी तो मूलभूत हक्कांच्या वर नाही, आणि शंभर टक्के आरक्षण समान संधीच्या तत्त्वात बसत नाही, हा निर्णयाचा गाभा. आधी झालेल्या नेमणुका न्यायालयाने राखल्या, पण पुढे मर्यादा न ओलांडण्याच्या अटीवर. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पनाच न्यायालयाला पटली नाही. दुसरे कोणी त्यांना का शिकवू शकणार नाही, असा त्याचा रोख होता.

हा प्रश्न रास्त आहे आणि आदिवासींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये. मदर तेरेसांनी बंगाली मुलींना शिकवलेच की. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने गोव्यात राहून मराठी-कोंकणी इतकी आत्मसात केली की १६१६ साली छापलेले त्यांचे क्रिस्तपुराण आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने उभे आहे. मात्र स्टीफन्स आधी भाषेचे विद्यार्थी झाले. कोंकणीचे व्याकरणही त्यांनीच लिहिले. बाहेरचा माणूस शिकवू शकतो, हे सिद्ध आहे. तो शिकण्याची तसदी घेईल अशी कोणतीही अट शासनाने घातलेली नाही, ही खरी अडचण आहे, आणि तिच्याकडे न्यायनिर्णयाने पुरेसे लक्ष दिले असे आम्हांस नम्रपणे वाटत नाही.

त्या निर्णयाचे पडसाद महाराष्ट्रात उमटणे अटळ होते. येथील अधिसूचनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २०२३ पासून निवड झालेल्या हजारो आदिवासी तरुणतरुणींच्या नेमणुका खोळंबल्या. २०२४ मध्ये नाशिकला माजी आमदार जे. पी. गावित यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यासह काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. त्यांच्या मागण्यांत ही भरती होती. उपाध्यक्षाला स्वतःच्याच सरकारचे लक्ष वेधण्यासाठी जाळीवर उडी घ्यावी लागावी, यावर वेगळे भाष्य नको. त्यानंतर न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याचा मार्ग शासनाने काढला.

दुसरी बाजूही आहे. गडचिरोलीत आदिवासी नसलेला समाज मोठा आहे आणि त्यातील पुष्कळ जण श्रीमंत नाहीत. जिल्ह्यातील पदभरतीत इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले होते. ते पुढे वाढवावे लागले. त्यात २०१४ ची अधिसूचना आली. आपल्या जिल्ह्यात आपल्यालाच नोकरी नाही, अशी या तरुणांची भावना झाली, मोर्चे निघाले. धान पिकवणाऱ्या कुटुंबातला, मुलाला डी.एड. करण्यासाठी शेत गहाण टाकलेला बाप आम्ही पाहिला आहे. त्याच्या दुःखाला 'आदिवासीविरोधी' म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

आमच्या मते या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांकडून निसटली आहे. अधिसूचनेप्रमाणे 'स्थानिक' म्हणजे ज्याचे पूर्वज २६ जानेवारी १९५० पासून त्या क्षेत्रात राहत आले तो. ही अट रहिवासाची आहे, तिच्यासोबत जमातीचे प्रमाणपत्र हवे. भाषेची मात्र परीक्षा कोठेही नाही. चंद्रपूरच्या मैदानी भागातील पुष्कळ गोंड आणि परधान घरांत दोन-तीन पिढ्यांपासून मराठीच बोलली जाते. तेथला तरुण माडिया मुलांपुढे उभा राहिला तर जमात जवळची असूनही जीभ परकीच. उलट बंगाली वसाहतीत वाढलेला, माडिया शेजाऱ्यांबरोबर खेळलेला एखादा मुलगा ती भाषा बोलत असेल, त्याला या अधिसूचनेत जागा नाही. नेमणुकीआधी गोंडी, माडिया वा कोलामीची तोंडी परीक्षा ठेवली, तर बहुतांश जागा आपोआपच स्थानिक आदिवासींना मिळतील, आणि शंभर टक्के आरक्षणाचा जो आक्षेप न्यायालयाने घेतला तोही उरणार नाही. हे सुचवणारे आम्ही पहिले नाही, याची जाणीव आहे. पण अशी परीक्षा घ्यायची तर भाषेचे परीक्षक लागतील, अभ्यासक्रम लागेल, म्हणजे शासनाला आधी ती भाषा आहे हे मान्य करावे लागेल.

केवळ भाषा पुरेशी आहे, असेही नाही. यासाठी थोडे अमेरिकेकडे पाहू. तेथे हाच प्रश्न वंशाच्या नावाने विचारला जातो. १९५४ साली ब्राउन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निर्णय थोर होता. परंतु शाळा एकत्र करताना कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि पुढील दशकभरात दक्षिणेकडील व सीमेवरील १७ राज्यांत मिळून सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आहे. मुले नव्या वर्गांत गेली, त्यांचे शिक्षक मागे राहिले. आजही तेथील दर दहा शिक्षकांपैकी सुमारे आठ श्वेतवर्णीय आहेत, तर विद्यार्थ्यांत श्वेतवर्णीय निम्म्याहून कमी. टेनेसी राज्यातील मुलांची दीर्घकाळ नोंद ठेवून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, तिसरीपर्यंत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला तरी कृष्णवर्णीय मुलाची महाविद्यालयात जाण्याची शक्यता १३ टक्क्यांनी वाढते. तेथे शिक्षक आणि मूल यांची भाषा एकच, इंग्रजी. तरी हा फरक पडतो, कारण शिक्षक मुलाकडून काय अपेक्षा ठेवतो आणि मुलाला फळ्यापुढे आपल्यासारखा माणूस दिसतो की नाही, याचाही हिशेब असतो. 'मंद' हा शेरा आमच्या लेखणीतून आला तो केवळ माडिया न येण्यामुळे नव्हे. त्या मुलाकडून आमची अपेक्षाच कमी होती.

आपल्या भूमीतील एक उदाहरण तर माणिकगडच्या डोंगरापलीकडेच आहे, आणि त्यात एक मराठी नावही आहे. १९४० साली निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात, कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जमिनीसाठी उठाव केला. जोडेघाटला भीम मारले गेले. हादरलेल्या निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांना कारणे शोधण्यास पाचारण केले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई या गोंड गावात शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. आधी शिकलेले गोंड शोधून शोधून मूठभर सापडले. त्यांनाच घडवून गावोगावी गुरुजी म्हणून पाठवले. गोंडीत वाचनपुस्तके तयार झाली, तीही देवनागरीत, कारण त्या पट्ट्यात मराठीचा वावर होता. पुढे इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले सेतुमाधवराव पगडी याच भागात अधिकारी होते. ते गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. शासकीय अधिकारी ज्यांच्यावर अधिकार चालवतो त्यांच्या भाषेचे व्याकरण लिहितो, हे आज ऐकून खरे वाटत नाही. राज्य बदलले, सीमा आखल्या गेल्या, तेलुगू माध्यम आले आणि गोंडीची पुस्तके मागे पडली. हायमेंडॉर्फ यांच्या पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईत आहे. गोंड तेथे आजही जमतात.

आपल्या बाजूच्या प्रयत्नांत हेमलकसाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. तेथील आश्रमशाळेतून माडिया समाजातील पहिले डॉक्टर, वकील, शिक्षक बाहेर पडले. तेथे शिकलेले ॲड. लालसू नोगोटी २०१७ साली जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्यापेक्षा कमी प्रसिद्ध पण या विषयात अधिक बोलका प्रयोग धानोरा तालुक्यातील मोहगावचा. तेथील ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. शिकवणारे तरुण आदिवासी, विषयांत गणित-इंग्रजीबरोबर गोंडी भाषा व परंपरा. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती शाळा अनधिकृत ठरवून दंडाची नोटीस धाडली, कारण तिला मान्यता नाही. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेली. मातृभाषेतून शिकवा असे जे कायदे सांगतात, त्यांपैकीच एकाचा आधार घेऊन मातृभाषेची शाळा बेकायदा ठरते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे.

केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांचाही अनुभव जवळपास असाच. २०२३ च्या अर्थसंकल्पात ७४० शाळांसाठी ३८,८०० शिक्षक व कर्मचारी भरण्याची घोषणा झाली. भरती दिल्लीतून केंद्रीभूत पद्धतीने झाली आणि परीक्षेत हिंदीचे ज्ञान आवश्यक ठरले. परिणामी उत्तरेकडील उमेदवार दक्षिणेच्या आदिवासी शाळांत पोहोचले आणि लगोलग बदलीच्या अर्जांची रीघ लागली.

येथवर शासनाविषयी लिहिले. आता आपल्या घराविषयी. चांदा धर्मप्रांताचा प्रारंभ १९६२ साली झाला आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला; त्याचे केंद्र बल्लारपूर. केरळातून आलेल्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी तेथे दवाखाने, वसतिगृहे, शाळा उभारल्या. मलेरियाने जर्जर होऊनही ते माघारी गेले नाहीत. त्यांच्या त्यागावर आक्षेप घेण्याची आमची पात्रता नाही. परंतु एकंदर पाहता विदर्भातील ख्रिस्ती शाळांची ख्याती इंग्रजी माध्यमासाठी आहे, आणि त्या बहुधा शहरांत व औद्योगिक वसाहतींत आहेत. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने आपणांस आपल्या शाळांतील शिक्षक निवडण्याचे जे स्वातंत्र्य आहे, ते शासनालाही नाही. आपल्या शाळांवर शंभर टक्के आरक्षणाचा कोणताही वाद नाही, पोर्टल नाही. मग आपल्या किती शाळांत माडिया किंवा कोलाम शिक्षिका आहेत? छोटानागपूरमध्ये फादर कॉन्स्टंट लीव्हन्स यांच्या काळापासून आदिवासींतूनच धर्मशिक्षक आणि शाळाशिक्षक घडवण्याची रीत पडली, आणि त्या भूमीने २००३ साली कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो यांच्या रूपाने भारतातील पहिला आदिवासी कार्डिनल दिला. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमात जमलेल्या प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, हे वचन आपण दरवर्षी वेदीवरून वाचतो.

धर्मग्रामांनी करण्याजोगे एक काम आहे आणि ते फार खर्चाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. म्हणजे ही परीक्षा आता नव्यांच्याच नव्हे, जुन्यांच्याही मार्गात उभी आहे. ती गोंडीत होत नाही. शहरातल्या मुलाला खासगी शिकवणी परवडते, अहेरी-एटापल्लीच्या मुलीला नाही. आपल्या वसतिगृहांच्या इमारती उन्हाळ्यात रिकाम्या असतात. तेथे आदिवासी पदविकाधारकांसाठी टीईटीचे वर्ग घेता येतील, आणि बदल्यात त्यांनी आपल्या शिक्षकांना, फादरांना व सिस्टरांना गोंडी शिकवावी.

तेंदूच्या संकलन केंद्रावर भेटलेला तो मुलगा पुढे शिकला. डी.एड. झाला, घरातला पहिला. तो पदविका घेऊन बाहेर पडला तेव्हा भरती बंद होती. ती सुरू झाली तेव्हा टीईटी आली. दोन प्रयत्नांत थोडक्या गुणांनी हुकली. आता त्याला दोन मुली आहेत आणि त्या गावच्या शाळेत जातात. शाळेतले गुरुजी चांगले आहेत, मराठी आहेत, बदलीच्या यादीत आहेत. तो शेती करतो आणि मे महिन्यात संकलन केंद्रावर सत्तर-सत्तर पानांची पुडकी मोजून वहीत लिहितो.